आयडेंटिफायर एस्केपिंग

एसक्यूएल भाषेतील विधानात येणारी तक्त्यांची, स्तंभांची व उपनामांची नावे डेटाबेसने केवळ नावे म्हणूनच वाचावीत, आज्ञेचा भाग म्हणून वाचू नयेत, यासाठी ती ठरावीक चिन्हांत बंदिस्त करण्याच्या पद्धतीस आयडेंटिफायर एस्केपिंग असे म्हणतात. जँगो, ड्रुपल यांसारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये हे काम डेटाबेसशी संवाद साधणारा स्तर करतो. या स्तरातील उणिवेमुळे कधी विधान चुकते, तर कधी परक्या व्यक्तीस संपूर्ण डेटाबेस खुला होतो. या दुसऱ्या प्रकारास एसक्यूएल इंजेक्शन असे नाव आहे.

मूल्य आणि नाव यांतील भेद

व्यक्तीचे आडनाव किंवा रक्कम यांसारखी मूल्ये विधानापासून वेगळी पाठवता येतात. विधानात त्यांच्या जागी केवळ खूण असते. या पद्धतीस बाइंड पॅरामीटर म्हणतात. नावांसाठी ही सोय नाही, कारण कोणता तक्ता आणि कोणते स्तंभ लागतील हे डेटाबेसला विधानाची पूर्वतयारी करतानाच ठरवावे लागते. त्यामुळे नाव विधानाच्या मजकुरातच जोडावे लागते आणि ते सुरक्षित करण्याची जबाबदारी फ्रेमवर्कवर येते. मूल्यांसाठी असलेले एस्केपिंगचे फलन नावांसाठी वापरणे, ही या क्षेत्रातील एक नेहमीची चूक आहे.

चिन्हांचे नियम

एसक्यूएलच्या प्रमाण नियमानुसार नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात. पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल व एसक्यूलाइट हा नियम पाळतात. मायएसक्यूएलमध्ये सामान्यतः बॅकटिक (`) हे चिन्ह, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंसही वापरतात. नावाच्या आत तेच समाप्तिचिन्ह आले, तर ते दोनदा लिहावे लागते. उदा. उंची"मीटर हे नाव प्रमाण नियमानुसार "उंची""मीटर" असे लिहितात. चिन्ह दुप्पट केले नाही, तर नाव मध्येच संपते आणि पुढील मजकूर आज्ञा म्हणून वाचला जातो.

दोषांचे प्रकार

* राखीव शब्द : भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द नाव म्हणून वापरल्यास विधान अमान्य होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मायएसक्यूएल ८.० मध्ये 'रँक' व 'ग्रुप्स' हे शब्द राखीव झाले. त्यामुळे या नावांचे स्तंभ चिन्हांविना वापरणारी, तोवर सुरळीत चाललेली विधाने अमान्य ठरली.
* जोडनावे : स्कीमा व तक्ता यांची नावे टिंबाने जोडलेली असतात. दोन्ही भाग स्वतंत्रपणे बंदिस्त न करता एकत्र बंदिस्त केल्यास डेटाबेस टिंबासह असलेल्या एकाच नावाचा शोध घेतो.
* अक्षरभेद : पोस्टग्रेएसक्यूएल चिन्हांविना लिहिलेल्या रोमन नावातील मोठी अक्षरे लहान करते, चिन्हांतील नाव मात्र जसेच्या तसे ठेवते. एका ठिकाणी चिन्हे असतील व दुसऱ्या ठिकाणी नसतील, तर अस्तित्वात असलेला तक्ताही सापडत नाही. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने देवनागरी नावांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.
* लांबी : पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नावाची मर्यादा सामान्यतः ६३ बाइटांची आहे व त्यापुढील भाग कापला जातो. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा व हलन्तचिन्ह प्रत्येकी ३ बाइट घेते. म्हणजे केवळ २१ चिन्हे मावतात. आरंभीची २१ चिन्हे समान असलेली दोन लांब मराठी नावे त्यामुळे एकच ठरतात.
* मूक चूक : चिन्हांत लिहिलेल्या नावाचा स्तंभ अस्तित्वात नसल्यास एसक्यूलाइट काही परिस्थितीत ते साधे शब्दमूल्य मानते. चूक दाखवली जात नाही, केवळ उत्तर चुकीचे येते.

उल्लेखनीय घटना

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर करण्यात आला. यादीतील मूल्यांवर योग्य प्रक्रिया होत होती, परंतु त्या मूल्यांच्या कळा, म्हणजे त्यांना दिलेली नावे, न तपासताच विधानातील खुणांच्या नावांत जोडल्या जात होत्या. ७.३२ या आवृत्तीत हा दोष दूर झाला. मात्र घोषणेनंतर ७ तासांच्या आत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे बाधित झाली आहेत असेच गृहीत धरावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटास त्याच महिन्यात द्यावा लागला.

जँगोमध्ये जुलै २०२१ मध्ये क्रम लावण्यासाठी दिलेल्या स्तंभनामातील, तर एप्रिल २०२२ मध्ये स्तंभांच्या उपनामांतील दोष दुरुस्त झाला. दुसऱ्या प्रसंगी वापरकर्त्याकडून आलेल्या शब्दकोशाच्या कळा थेट उपनामे बनत होत्या. त्यावर उपनामात रिकामी जागा, अवतरणचिन्हे, अर्धविराम व टिप्पणीची चिन्हे यांना मनाई करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये याच प्रकारचा दोष जँगोच्या दुसऱ्या एका सुविधेत आढळला. एका वाटेवर बसवलेली तपासणी दुसऱ्या वाटेवर राहून जाते, हे यावरून दिसते.

दुरुस्तीची तत्त्वे

* नावे बंदिस्त करण्याचे काम एकाच मध्यवर्ती फलनाकडे सोपवावे. प्रत्येक डेटाबेससाठी त्याचे स्वतंत्र रूप असावे.
* नाव आधीच बंदिस्त आहे, असा अंदाज केवळ त्याच्या पहिल्या व शेवटच्या चिन्हावरून बांधू नये.
* वापरकर्त्याने सुचवलेले नाव अनुमत नावांच्या यादीशी ताडून पाहावे.
* राखीव शब्द, समाप्तिचिन्ह, टिंब व देवनागरी अक्षरे असलेल्या नावांच्या चाचण्या प्रत्येक डेटाबेसवर घ्याव्यात.

वर्डप्रेसने २०२३ मधील ६.२ या आवृत्तीपासून मूल्यांप्रमाणे नावांसाठीही स्वतंत्र खूण उपलब्ध करून दिली आहे.

मर्यादा

एस्केपिंगमुळे नाव हे नावच राहते, परंतु ते वापरण्याचा अधिकार कोणास आहे हे त्यावरून ठरत नाही. गोपनीय स्तंभाचे नाव अचूक बंदिस्त करूनही त्या स्तंभानुसार क्रम लावू दिला, तर क्रमावरून आतील माहितीचा अंदाज बांधता येतो. म्हणून अनुमत नावांची यादी ही एस्केपिंगला पर्याय नसून त्याची आवश्यक जोड आहे.