बंद झालेली रसायनं आणि हवेची नोंदवही

आज कपाशी-सोयाबीनचं काही नाही, आज एका बेटाचा इतिहास लिहितोय. जरा लांब आहे, पण ज्याच्या पाठीवर पंप असतो त्यानं वाचावा असा आहे.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. सरोवर म्हणायचं एवढंच. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त. त्यात आइल रॉयल नावाचं बेट आहे. १९४० पासून ते राष्ट्रीय उद्यान. मोटारगाडी नाही, कारखाना नाही, शेती नाही. लांडगे आणि मूस नावाची थोराड हरणं, एवढीच वस्ती. आणि या बेटाच्या आत आणखी एक तळं आहे, सिस्किविट. त्याची पातळी बाहेरच्या सरोवरापेक्षा उंच, त्यामुळं बाहेरचं पाणी आत चढायचा प्रश्नच नाही.

१९७० च्या दशकात वेलँड स्वेन या सरकारी शास्त्रज्ञानं या तळ्यातले मासे तपासले. निष्कर्ष १९७८ साली छापून आले. इतक्या आडबाजूच्या तळ्यातले मासे स्वच्छ निघायला हवे होते. पण त्यांच्या अंगात पीसीबी सापडलं, आणि तेही बाहेरच्या मोठ्या सरोवरातल्या माशांपेक्षा जास्त. पाणी वर चढलेलं नाही, कुणी पिंप नेऊन ओतलेलं नाही. मग उरला एकच रस्ता, वरून. हवेतनं आणि पावसातनं.

पीसीबी म्हणजे आपल्या स्टार्टरमधला सर्किट बोर्ड नव्हे. पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल हे कारखान्यात बनवलेलं तेलकट रसायन. १९२९ पासून अमेरिकेत ते धंद्यासाठी बनू लागलं. पेट घेत नाही, उकळायला फार उष्णता लागते, वीज जाऊ देत नाही, कुजत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरायला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? रंगात, कॉपी काढायच्या कागदातही गेलं. तिथं ते बनवणारी कंपनी मॉन्सँटो. होय, बोलगार्डवाली. १९७७ साली तिनं उत्पादन थांबवलं आणि १९७९ साली अमेरिकेत बंदी आली.

त्याआधी १९६६ साली स्वीडनमध्ये सोरेन येन्सन हा रसायनशास्त्रज्ञ प्राण्यांच्या शरीरात डीडीटी शोधत होता. यंत्राच्या आलेखावर डीडीटीच्या शेजारी भलतीच शिखरं दिसायला लागली. त्यानं संग्रहालयात जपलेली गरुडाची पिसं तपासली, तर १९४० च्या दशकातल्या पिसांतही तेच. डीडीटीचा शेतीतला वापर महायुद्धानंतरचा, म्हणजे हे डीडीटी नव्हतं. हा माणूस दुसऱ्याच चोराच्या मागावर होता आणि हाती हा लागला.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्या बेटावरच्या तळ्यात पीसीबी एकटं नव्हतं. टॉक्साफेन नावाचं कीटकनाशकही होतं. टॉक्साफेन मुख्यतः कपाशीवरचं औषध. पाइन झाडापासून मिळणाऱ्या कॅम्फीनवर क्लोरीन चढवून बनवायचं. १९७२ ला अमेरिकेत डीडीटी बंद झाल्यावर दक्षिणेकडच्या कपाशीच्या राज्यांत याचा मारा वाढला. ती कपाशी कुठं आणि ते तळं कुठं! मधे दीड हजार किलोमीटर. म्हणजे परभणीला फवारलेलं श्रीनगरच्या माशात निघावं तसं. पुढं १९८० च्या दशकात रॅपापोर्ट आणि आयझेनराइश यांनी उत्तर अमेरिकेतल्या पीट दलदलींचे उभे नमुने काढले. तिथली दलदल फक्त पावसावर जगते, थर वर्षानुवर्षे एकावर एक चढतो. कुठल्या वर्षी वरून काय पडलं ते थरात दिसतं. डीडीटी कधी चढलं, कधी उतरलं, टॉक्साफेन कधी आलं, सगळं त्या चिखलात नोंदलेलं होतं.

हे उडतं कसं? ट्रंकेत कपड्यांत ठेवलेली डांबराची गोळी आठवा. वितळत नाही, सांडत नाही, तरी वर्षभरात नाहीशी होते. ही रसायनं तशीच, फक्त फार सावकाश. ऊन तापलं की जमिनीवरून उठतात, गार प्रदेशात पोचली की खाली बसतात. पुन्हा ऊन, पुन्हा उड्डाण. नाकतोड्यासारख्या उड्या मारत ती थंड मुलखाकडं सरकतात. फवारताना वाऱ्यानं तुषार शेजारच्या वावरात जातो तो वेगळा, तो आपल्याला दिसतो. हा प्रवास फवारणी संपल्यावर महिनोन्‌महिने चालतो आणि दिसत नाही.

दिसत नाही म्हणून मोजणं आलं. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९९० साली पाचही महासरोवरांच्या काठी हवा मोजायची केंद्रं उभारायला घेतली. मुख्य ठाणी मुद्दाम शहरापासून दूर. सुपीरियरवर ईगल हार्बर, मिशिगनवर स्लीपिंग बेअर ड्यून्स, ह्युरॉनवर बर्न्ट आयलंड, ईरीवर स्टर्जन पॉइंट, आँटारिओवर पॉइंट पेट्रे. तुलनेला शहरही हवं म्हणून शिकागो.

पद्धत ऐका, यात शिकण्यासारखं आहे. पंप २४ तास हवा ओढतो, अमेरिकेच्या ठाण्यांवर सुमारे ८०० घनमीटर. पुढं गाळणीचा कागद, त्यावर धूळ अडकते. मागं राळेचे दाणे, त्यात वायुरूपातलं रसायन धरलं जातं. नमुना दर १२ दिवसांनी. १२ च का? दर आठवड्याला घेतला असता तर कायम सोमवारच आला असता. १२ दिवसांनी घेतला की वार बदलत जातो, कारखाने चालू असलेला दिवसही येतो आणि सुट्टीचाही. शिवाय अधूनमधून एक कोरी गाळणी ठाण्यावर न्यायची, पंप न चालवता परत आणायची आणि तीही तपासायची. हाताळताना, वाटेत, प्रयोगशाळेत किती भेसळ झाली ते त्यातनं कळतं. आपण प्रयोगात न फवारलेली ओळ ठेवतो, तसंच. मोजायचं एकक पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे १ लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. इतक्या बारीक मापात हाताचा मळही पीक वाटतो!

या कंटाळवाण्या कामातनं तीन गोष्टी निघाल्या. पहिली, एंडोसल्फानचा आकडा उन्हाळ्यात चढायचा, कारण तिथं फवारणी तेव्हाच. चालू औषध हंगामाबरोबर वर-खाली होतं. दुसरी, पीसीबी बंद होऊन दशकं गेली तरी शिकागोच्या हवेत ते दूरच्या ठाण्यांच्या दहापटीच्या आसपास. शोध घेतला तर उगम निघाले मैलागाळ वाळवायचे वाफे, कचऱ्याचे डेपो, जुने ट्रान्सफॉर्मर साठवलेलं आवार.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुपीरियरच्या पाण्यातलं पीसीबी १९७८ ते १९९२ मध्ये बरंच घटलं. लोकांना वाटेल गाळात बसलं, संपलं. मोजणाऱ्यांनी हिशोब लावला तर त्यातलं बरंचसं पाण्यातून पुन्हा हवेत उठलं होतं. आधी हवेनं सरोवराला दिलं, हवा स्वच्छ होत गेली तसं सरोवर हवेला परत देऊ लागलं. सलग नोंदी नसत्या तर 'पाणी साफ झालं' म्हणून सगळे मोकळे झाले असते.

आपल्याकडं हे लागू आहे का? गॅमेक्झिन पावडर धुरळलेली पिढी अजून गावात आहे. बीएचसी १९९७ ला बंद झालं. त्यात कीड मारणारा गॅमा हा घटक १०-१५ टक्के, बाकीचा माल बिनकामाचा, पण जमिनीत तोही गेला. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ ला थांबला. एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टानं १३ मे २०११ ला बंदी घातली, आणि त्याच वर्षी ते स्टॉकहोम कराराच्या यादीतही आलं. भारत त्या करारात २००६ पासून आहे.

विजेच्या पंपाची ठाणी महाग पडतात, म्हणून २००४ च्या शेवटी कॅनडाच्या पुढाकारानं जगभर साधी साधनं टांगायला सुरुवात झाली. स्टीलचे दोन वाडगे तोंडाला तोंड, मधे फोमची चकती. वीज नाही, पंप नाही. साधारण तीन महिने टांगायचं आणि चकती तपासायची. २००६-०७ मध्ये अशाच साध्या साधनांनी आपल्या देशातल्या सात शहरांची हवा तपासली गेली, त्यात मुंबई आणि गोवाही होतं. बीएचसी आणि डीडीटी दोन्ही हवेत सापडले. बीएचसी तर तेव्हा बंद होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती.

पीसीबीवर केंद्राचा आदेश २०१६ चा. कुठल्याही रूपातला वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत संपवायचा, असं त्यात आहे. घाबरून जायचं कारण नाही, गावातल्या डीपीत साधारणपणे खनिज तेलच असतं. पण जुन्या, दुरुस्तीत फिरलेल्या, भंगारात निघालेल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कुठून मिसळत आलं ते नुसतं बघून ओळखता येत नाही. ते जनावराच्या जखमेला लावू नका, वाळवीला म्हणून दाराच्या चौकटीला फासू नका, चुलीत तर मुळीच घालू नका. गळणारी डीपी दिसली तर लाइनमनला सांगा आणि खालची तेलकट माती वावरात पसरू देऊ नका.