पणजीच्या उद्यानातील बँडस्टँड

पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चच्या पायऱ्या उतरून खाली आले की समोरच वृक्षांच्या दाट सावलीतील जुने उद्यान लागते. या उद्यानात वादकांसाठी बांधलेला एक बँडस्टँड आहे. पोर्तुगीज भाषेत अशा मंडपाला 'कोरेतो' म्हणतात.

१८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि १८५५ मध्ये हे उद्यान साकारले. त्याला गार्सिया द ओर्ता यांचे नाव देण्यात आले. हे वैद्य १५३४ साली गोव्यात आले. भारतीय वनौषधींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ते ज्यू वंशाचे असल्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या शहरात हे घडले, त्याच्या वारसदार राजधानीने पुढे त्यांचेच नाव उद्यानाला द्यावे, हे विसरण्याजोगे नाही.

बँडस्टँडची रचना साधी असते. उंच चौथरा, चहूबाजूंनी मोकळे खांब आणि वर छत. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात या छतामुळे वाद्यांचा नाद वर विरून न जाता श्रोत्यांकडे वळे. तिकीट नाही, मानाची आसने नाहीत. संगीताला दरबाराबाहेर आणून सर्वांसाठी खुले करणारी ही वास्तू होय.

परंतु वादक कोठून येत? सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चच्या आश्रयाने धर्मग्राम शाळा चालत. तेथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. उपासनेसाठी दिलेले हे शिक्षण पुढे अनेकांच्या चरितार्थाचे साधन झाले. गोव्याचे वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटसृष्टीत पोहोचले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (निधन २०१२) त्यांपैकीच एक. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे त्यांनीच दिले.

उद्यानातील स्तंभाची कथा मात्र निराळी आहे. वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली म्हणून १८९८ मध्ये तो उभारला गेला व त्यावर गामाचा अर्धपुतळा बसविण्यात आला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर तो पुतळा उतरला आणि तेथे अशोकाची सिंहमुद्रा आली. सत्तेची चिन्हे सत्तेबरोबर बदलतात. बँडस्टँड कोणाच्या विजयासाठी बांधलेला नव्हता, म्हणून त्यावरून काही उतरविण्याची वेळ आली नाही.

वास्तूची डागडुजी पैशाने होऊ शकते. वादक मात्र पैशाने उभे राहत नाहीत. त्यासाठी लहान मुलाच्या हाती वाद्य देऊन वर्षानुवर्षे त्याच्यासोबत बसणारा मेस्त्री लागतो. बँडस्टँडचे रक्षण करावयाचे तर त्याचा आरंभ धर्मग्रामाच्या शाळेतूनच व्हावयास हवा. ही गोष्ट गोव्याइतकीच आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे.