किनारा नसलेल्या शहरातला पहारा

हैदराबादला समुद्र नाही, पण इथल्या राज्यांना तो कधीच नव्हता असे नाही. मच्छलीपट्टण हे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे बंदर. तिथूनच इथले कापड जहाजांवर चढे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो किनारा टप्प्याटप्प्याने इंग्रजांकडे गेला आणि निजामाच्या राज्याला चहूबाजूंनी जमीनच उरली. १९४७-४८ मध्ये निजामाच्या दरबाराचा डोळा पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरावर होता, तो उगाच नव्हे. अशा या शहरात, प्रगतीनगरच्या इन्कॉइस या सागरी माहितीच्या राष्ट्रीय संस्थेत, आज हिंदी महासागरावर रात्रंदिवस पहारा असतो. दीपगृहे स्वयंचलित झाली आणि त्यांचा रखवालदार संपला, अशी हळहळ नेहमी व्यक्त होते. माझ्या मते त्याचे अर्धे काम यंत्राने घेतले आणि उरलेले अर्धे, जे त्याला कधीच धड करता आले नव्हते, ते हैदराबादला आले.

पहिले अर्धे काम हातांचे होते. मुंबईजवळ खांदेरीचा दिवा १८६७ चा, कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवरचा प्राँग्जचा १८७५ चा. त्या काळचे फिरते दिवे घड्याळासारख्या यंत्रावर चालत. जड वजन साखळीने वर ओढायचे, ते हळूहळू खाली येताना भिंग फिरायचे, आणि काही तासांनी पुन्हा चावी द्यायची. वात कातरणे, तेल भरणे, भिंगावरची काजळी पुसणे हे वेगळेच. या कामाला विजेच्याही आधी सुरुंग लावला तो स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी. त्यांच्या १९०७ च्या झडपेत एक काळी कांडी असे. उजेड पडला की ती तापून किंचित लांबे आणि गॅस बंद करी. अंधारले की आखडे आणि दिवा पेटे. १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते अशाच शोधांसाठी, आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. इंग्लंडमधले शेवटचे माणसाचे दीपगृह, नॉर्थ फोरलँड, १९९८ मध्ये स्वयंचलित झाले. चावी देणारा हात गेला याचे दुःख कशाला मानायचे?

यावर आक्षेप येतो तो डोळ्यांचा. रखवालदार दिवा सांभाळता सांभाळता समुद्रही पाहायचा, यंत्र तो पाहत नाही. हा आक्षेप खोटा नाही, पण त्या डोळ्यांची मर्यादा मोजून पाहावी. चाळीस मीटर उंचीवरून क्षितिज जेमतेम बावीस-तेवीस किलोमीटरवर असते. त्सुनामी खोल पाण्यातून ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते आणि तिथे तिची उंची बहुधा मीटरभरही नसते. दिसण्यासारखे त्यात काही नसतेच. १ नोव्हेंबर १८६४ च्या वादळात मच्छलीपट्टणात सुमारे तीस हजार माणसे दगावली. दिवा जहाजाला खडक दाखवतो, घरात झोपलेल्याला तो काहीच सांगत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत ग्रेट निकोबारच्या टोकावरचे इंदिरा पॉइंटचे दीपगृह टिकून राहिले, पण त्याखालची जमीन चार मीटरांहून अधिक खचली, पायथा पाण्यात गेला आणि तिथली वस्ती वाहून गेली. तमिळनाडूच्या किनाऱ्याला लाट पोचायला सुमारे दोन तास होते. ते दोन तास वापरणारी यंत्रणाच आपल्याकडे नव्हती.

इन्कॉइस १९९९ ची. तिथले त्सुनामी इशारा केंद्र २००७ चे. भूकंपमापकांची नोंद येते, समुद्रतळावरचे दाबमापक वरच्या पाण्याचा भार बदलला की तरंगत्या बोयाला कळवतात, बोया उपग्रहाला आणि उपग्रह हैदराबादला. हे शहर निवडले ते योगायोगाने नव्हे. उपग्रहांकडून दूरसंवेदनाची माहिती घेणारी राष्ट्रीय संस्था इथे सत्तरच्या दशकापासून आहे. शिवाय लाटेचा इशारा देणाऱ्याने लाटेच्या वाटेत बसू नये, हेही आलेच. कोणी म्हणेल, हा पहारा चुकतो. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, इशारे गेले, किनाऱ्यांवर धावपळ झाली आणि मोठी लाट आलीच नाही, कारण तळ वर-खाली न होता मुख्यतः आडवा सरकला होता. दीपगृहाचा दिवा असा कधी खोटा पडत नाही, हे खरेच. पण दिवा काही ठरवतही नाही. इशारा कोणत्या पातळीचा, कुठल्या जिल्ह्याला, आणि तो मागे कधी घ्यायचा, यासाठी माणूस लागतो, आणि तो चोवीस तास पाळीने तिथे असतो. रखवालदार नाहीसा झाला म्हणणाऱ्यांनी ही पाळी मोजलेली नसते.

तरी मनोरे पाडावेत असे यातून निघत नाही. मासे कुठे मिळण्याचा संभव आहे आणि लाटा किती उंच उठतील, हे इन्कॉइस कोळ्यांना कळवते. पण रात्री मोबाइलची बॅटरी उतरलेल्या तांडेलाला प्राँग्जचा खडक दाखवणारा दिवाच असतो. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला आणि त्याने दिव्यांबरोबर जहाजवाहतुकीच्या इलेक्ट्रॉनिक साधनांनाही कवेत घेतले. तो कायदा बंदरांच्या मंत्रालयाकडे आहे, हैदराबादचे केंद्र पृथ्वीविज्ञान मंत्रालयाकडे. एकाच कामाचे दोन भाग दोन खात्यांत गेले ते असे, आणि हैदराबादहून निघालेला संदेश वाळूवरच्या झोपडीपर्यंत पोचवणे हे तिसऱ्याच कोणाचे, म्हणजे जिल्हा प्रशासनाचे, काम होऊन बसले.