हुजूर पक्षाची नेतृत्व निवडणूक, १९९०

हुजूर पक्षाची नेतृत्व निवडणूक, १९९० ही ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह अर्थात हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी नोव्हेंबर १९९० मध्ये झालेली निवडणूक होय. तिच्यामुळे सलग साडेअकरा वर्षे पंतप्रधानपदी असलेल्या मार्गारेट थॅचर पायउतार झाल्या व जॉन मेजर पंतप्रधान झाले. १९७९, १९८३ आणि १९८७ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुका थॅचर यांनी जिंकल्या होत्या. त्यांना घालवले ते मतदारांनी किंवा संसदेने नव्हे, तर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी.

== पार्श्वभूमी ==
थॅचर यांच्याविषयीच्या नाराजीचे सर्वांत मोठे कारण 'पोल टॅक्स' या नावाने ओळखला गेलेला दरडोई कर हे होते. पूर्वी स्थानिक कर घराच्या मूल्यावर आकारला जाई. नव्या पद्धतीत एका पालिकेच्या हद्दीतील प्रत्येक प्रौढावर सारखीच रक्कम बसू लागली. अल्प उत्पन्न असणाऱ्यांना सवलत होती. तरीही वाड्याचा धनी आणि त्याच गावातला सामान्य पगारदार यांना एकाच मापाने मोजणारा हा कर लोकांना अन्यायकारक वाटला. तो १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये व १ एप्रिल १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. आदल्याच दिवशी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोठी दंगल उसळली. महागाई आणि चढे व्याजदर यांनी असंतोषात भर घातली. ऑक्टोबरमध्ये ईस्टबोर्नची पोटनिवडणूक पक्षाने गमावली, तेव्हा अनेक खासदारांना स्वतःच्या जागांची काळजी वाटू लागली.

युरोपीय एकीकरणाचा प्रश्न मंत्रिमंडळात धुमसत होताच. थॅचर यांच्या युरोपविषयक कडव्या पवित्र्याला विरोध म्हणून उपपंतप्रधान सर जेफ्री हाउ यांनी १ नोव्हेंबरला राजीनामा दिला. १३ नोव्हेंबरला त्यांनी कॉमन्स सभागृहात निवेदन केले. हाउ मृदुभाषी म्हणून प्रसिद्ध होते. त्यामुळेच भाषणाचा घाव खोल गेला. सलामीचे फलंदाज मैदानात उतरावेत आणि कर्णधारानेच त्यांच्या बॅटी आधी मोडून ठेवल्याचे त्यांना पहिल्या चेंडूलाच कळावे, अशी आपली गत झाल्याचे त्यांनी सूचित केले. मराठी वाचकाला या उपमेतील बोच निराळी सांगावी लागू नये.

दुसऱ्याच दिवशी मायकेल हेसेल्टाइन यांनी आव्हान जाहीर केले. वेस्टलँड हेलिकॉप्टर कंपनीच्या वादातून त्यांनी जानेवारी १९८६ मध्ये मंत्रिपद सोडले होते. १९८९ मध्येही सर अँथनी मेयर हे अल्पपरिचित खासदार थॅचर यांच्याविरुद्ध उभे राहिले होते व ३१४ विरुद्ध ३३ असे हरले होते. तो इशारा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

== मतदान ==
मताधिकार फक्त पक्षाच्या ३७२ खासदारांना होता. पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी निम्म्याहून अधिक मते तर हवीतच, शिवाय एकूण मतदारांच्या १५ टक्के इतकी आघाडीही आवश्यक होती; म्हणजे ५६ मतांची. २० नोव्हेंबरच्या मतदानात थॅचर यांना २०४ व हेसेल्टाइन यांना १५२ मते पडली. १६ खासदारांनी दोघांपैकी कोणालाही मत दिले नाही. आघाडी ५२ मतांची, म्हणजे चारने अपुरी होती. हेसेल्टाइन यांची अवघी दोन मते थॅचर यांच्याकडे वळली असती, तर निवडणूक तेथेच संपती.

थॅचर त्या वेळी शिखर परिषदेसाठी पॅरिसमध्ये होत्या. दुसरी फेरी लढवण्याचे त्यांनी तेथूनच जाहीर केले. परंतु लंडनला परतल्यावर त्यांनी मंत्र्यांना एकेकटे भेटून विचारले, तेव्हा बहुतेकांनी पाठिंबा देऊ, पण तुम्ही जिंकणार नाही, असेच सांगितले. २२ नोव्हेंबरला त्यांनी माघार घेतली. त्याच दुपारी विरोधी मजूर पक्षाच्या अविश्वास ठरावावर मात्र त्या अशा तडफेने बोलल्या, की स्वपक्षीयांनाही क्षणभर हळहळ वाटावी.

२७ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत मेजर यांना १८५, हेसेल्टाइन यांना १३१ व डग्लस हर्ड यांना ५६ मते मिळाली. मेजर यांना बहुमतास दोन मते कमी पडली; पण अन्य दोघांनी माघार घेतल्याने २८ नोव्हेंबरला ते पंतप्रधान झाले.

== परिणाम ==
हेसेल्टाइन पर्यावरणमंत्री म्हणून मंत्रिमंडळात परतले आणि वादग्रस्त कराची विल्हेवाट लावण्याचे काम त्यांच्याकडेच आले. १९९३ मध्ये त्याची जागा घराच्या मूल्यावर आधारित 'कौन्सिल टॅक्स'ने घेतली. एप्रिल १९९२ ची सार्वत्रिक निवडणूक मेजर यांनी जिंकली. युरोपच्या प्रश्नावरून पक्षात पडलेली फूट मात्र वाढतच गेली.

पुढे १९९८ मध्ये पक्षाने नियम बदलले. पदस्थ नेत्याविरुद्ध थेट उमेदवार उभा करण्याची पद्धत संपली. त्याऐवजी १५ टक्के खासदारांनी लेखी मागणी केल्यास विश्वासमत घेतले जाऊ लागले. थेरेसा मे यांनी असे मतदान डिसेंबर २०१८ मध्ये २०० विरुद्ध ११७, तर बोरिस जॉन्सन यांनी जून २०२२ मध्ये २११ विरुद्ध १४८ असे जिंकले. मे यांनी सहा महिन्यांच्या आत, तर जॉन्सन यांनी महिनाभरातच राजीनामा जाहीर केला.