सॉसेजचे विष आणि वाकडी मान

समोर पाहायचे असते, पण मान स्वतःच्या मर्जीने एका बाजूस पिळली जाते. स्नायू खेचले जातात, थरथरतात, ठणकतात. मात्र हनुवटीला एक बोट टेकवले की मान काही क्षण सरळ होते. या विकाराला आज 'सर्व्हायकल डिस्टोनिया' म्हणतात.

त्या एका बोटानेच रुग्णांचा घात केला. १८९० च्या दशकात पॅरिसचे एदुआर ब्रिसो यांनी तर्क मांडला : जे आखडलेपण बलवान हातालाही सरळ करता येत नाही, ते रुग्णाच्या स्वतःच्या बोटाने सुटत असेल, तर दोष स्नायूंत नसून इच्छाशक्तीत आहे. निदानाचे नावच पडले 'मानसिक' वाकडी मान. तर्क वरवर बिनतोड, आणि म्हणूनच घातक. पुढे मनोविश्लेषणाने त्याला आणखी बळ दिले. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला 'हे तुझ्या मनाचे खेळ' असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले. हा विकार मेंदूच्या हालचाल-नियंत्रणाचा आहे, हे लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडले.

औषधाची कथा मात्र भलतीकडेच सुरू होते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गमध्ये बिघडलेल्या सॉसेजमुळे माणसे दगावत. तेथील वैद्य युस्टिनस केर्नर यांनी १८२२ मध्ये अशा १५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते कवीही होते. शूमानने त्यांच्या कवितांना चाली दिल्या आहेत! केर्नर यांनी ते विष स्वतःवरही आजमावले, आणि अतिचंचल मज्जातंतूंना शांत करण्यास त्याचा अत्यल्प अंश उपयोगी पडेल, अशी कल्पना नोंदवली. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले, तिघे मेले. त्या प्रकरणातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी विष निर्माण करणारा जिवाणू शोधला.

स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीनचा स्राव हे बोटुलिनम विष रोखते. पोटातून घेतलेली स्नायुशिथिलक औषधे सर्व शरीरावर पसरतात. मान सैल होण्याआधी रुग्णच पेंगू लागतो. येथे मात्र सुई ज्या स्नायूत, परिणाम मुख्यतः तेथेच, आणि तोही साधारण तीन महिने.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते प्रथम माकडांवर, मग माणसांवर वापरले. १९८६ मध्ये जोसेफ त्सुई व सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर येथे वाकड्या मानेवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यात कोणाला औषध व कोणाला नुसते द्रावण, हे रुग्ण व तपासणारे दोघांनाही ठाऊक नव्हते. विषाने मान सरळ होत होती, वेदना ओसरत होती. अमेरिकेत या विकारासाठी अधिकृत मान्यता मिळाली ती २००० मध्ये.

हनुवटीवर बोट टेकवण्याची ती युक्ती आजही डॉक्टर रुग्णाला आवर्जून विचारतात. आता ती डिस्टोनियाची महत्त्वाची खूण मानली जाते.