मरीआईचा गाडा आणि फेजची कुपी

साल १८९६. तुम्ही राक्षसभुवनला गोदाकाठी उभे आहात. बीड निजामाच्या राज्यात आहे. पटकीची साथ आली की या मुलखातली गावं मरीआईचा गाडा शिवेपर्यंत ओढत नेतात आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून येतात. पुढचं गाव काय करणार? तो आणखी पुढे ढकलणार.

त्याच साली आग्र्याला चला. जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन नदीच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडतोय. गंगेच्या पाण्यात ते तीन तासांच्या आत मरतात. उघड्यावर उकळलेल्या पाण्यात मात्र जगतात. हँकिनला फेज, म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू, इथेच दिसला असं सर्रास लिहितात. जरा वाकून बघा. तोंड बंद केलेल्या काचनळीत तापवलेलं पाणी अजूनही जंतू मारतंय! एवढ्या उष्णतेत फेज टिकला नसता. वाफेबरोबर उडून जाणारं काही द्रव्य असावं, असं हँकिन म्हणतो, आणि मला त्याचंच पटतं.

१९१७, पॅरिस. फेलिक्स देरेल हगवणीच्या रोग्यांचा मल बारीक गाळणीतून गाळतो. त्या द्रवाने बशीवरच्या जंतूंच्या थरात स्वच्छ ठिपके पडतात. हे काम फेजचं: तो जंतूत शिरतो, आत आपल्या प्रती काढतो, जंतू फोडून बाहेर पडतो आणि शेजारच्याला गाठतो.

१९३०, आसामातलं नौगाव. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत पटकीची सरकारी लस टोचून घ्यायला लोक नाखूश आहेत. पण गावच्या मुखियाकडची फेजची कुपी नुसती प्यायची, ती चालते. मृत्यू घटलेले दिसतात. पण साथ आपणहूनही ओसरते, त्यामुळे पुरावा कच्चाच. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि कुप्या मागे पडल्या.

आजचं अंबाजोगाई. तुमच्या हातात कल्चर रिपोर्ट आहे. जंतू क्लेबसिएला, आणि एकेका औषधापुढे ‘रेझिस्टंट’. बशीत औषधाच्या चकतीला अगदी खेटून जंतू वाढलेत. यावर चालणारा फेज दवाखान्याच्या सांडपाण्यातही मिळू शकतो, कारण जिथे जंतू तिथे त्याचा फेज. पण गडी भलता चोखंदळ! पोटातल्या उपयोगी जंतूंना तो धक्का लावत नाही, हे उत्तम. मात्र शेजारच्या खाटेवरच्या क्लेबसिएलालाही कदाचित ढुंकून बघणार नाही. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या जंतूवर ठिपका पडतो का, ते आधी तपासायला हवं. त्यासाठी गटारांतले फेज गोळा करून, शुद्ध करून फ्रिजमध्ये साठवणारी प्रयोगशाळा जवळपास लागेल.