जुन्यांची निवड, नव्यांचा निवाडा

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजेच 'एनएफएल'मध्ये, प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर बदलणे ही नित्याची बाब आहे. पदावरून गेलेले दुसरीकडे काम शोधतात. मागे राहतात ते त्यांनी निवडलेले तरुण खेळाडू. नवे कारभारी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, यावर अनेकांचे भवितव्य ठरते.

महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे 'ड्राफ्ट', ७ फेऱ्यांत होते. आयपीएलप्रमाणे येथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी संधी मिळते. निवडलेल्या खेळाडूशी ४ वर्षांचा करार होतो. पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचवे वर्ष द्यायचे की नाही, हे ३ हंगामांनंतर संघ ठरवतो. मधल्या काळात सत्तांतर झाले, तर हा निर्णय परक्या हाती जातो.

डेन्व्हर ब्राँकोज संघाचे उदाहरण बोलके आहे. २०१० मध्ये प्रशिक्षक जॉश मॅकडॅनियल्स यांच्या कारकिर्दीत पहिल्या फेरीत दोन खेळाडू घेतले गेले: २२ व्या क्रमांकावर डिमॅरियस थॉमस आणि २५ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक टिम टिबो. त्याच डिसेंबरमध्ये मॅकडॅनियल्स यांची हकालपट्टी झाली. २०११ मध्ये जॉन एल्वे यांनी कारभार हाती घेतला, तर जॉन फॉक्स प्रशिक्षक झाले.

टिबोला संधी मिळालीच नाही, असे नव्हे. जानेवारी २०१२ मध्ये पिट्सबर्गविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेतील पहिल्याच चालीवर त्याने फेकलेला चेंडू झेलून थॉमसने ८० यार्डांची धाव पूर्ण केली आणि संघ जिंकला. तरीही मार्चमध्ये एल्वे यांनी अनुभवी पेटन मॅनिंगला करारबद्ध केले आणि टिबोची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. थॉमस मात्र राहिला. २०१२ ते २०१६ या पाचही हंगामांत त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बाउल जिंकणाऱ्या संघात तो होता.

निवडणारा एकच, नशिबे दोन. कारण उघड आहे. चेंडू झेलणारा गुणी खेळाडू कोणत्याही डावपेचात बसतो. क्वार्टरबॅकभोवती मात्र साऱ्या आक्रमणाची आखणी होते, आणि नव्या प्रशिक्षकाची नोकरीही त्याच्याच कामगिरीवर अवलंबून असते. दुसऱ्याच्या पसंतीवर आपली खुर्ची पणाला लावण्यास सहसा कोणी धजावत नाही.

कधी केवळ प्रशिक्षक बदलला तरी पुरते. अॅरिझोना कार्डिनल्सने २०१८ मध्ये जॉश रोझनला दहाव्या क्रमांकावर निवडले. जनरल मॅनेजर स्टीव्ह काइम कायम राहिले. पण एकाच हंगामानंतर प्रशिक्षकपदी क्लिफ किंग्सबरी आले. २०१९ मध्ये संघाने पहिल्याच क्रमांकावर कायलर मरेला घेतले आणि रोझनला मायामीकडे पाठवले.

याउलट पॅट्रिक माहोम्स. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने त्याला निवडल्यानंतर दोनच महिन्यांत जनरल मॅनेजर जॉन डॉर्सी यांना जावे लागले. मात्र प्रशिक्षक अँडी रीड तेच राहिले आणि नवे जनरल मॅनेजर ब्रेट वीच त्याच कार्यालयातले होते. माहोम्सवरचा विश्वास त्यामुळे अबाधित राहिला.

पैशाचाही थोडा आधार असतो. करारातील हमीची रक्कम खेळाडूला काढले तरी संघाच्या वेतनमर्यादेत मोजली जाते. त्यामुळे वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला घाईने वगळणे महागात पडते. शेवटच्या फेऱ्यांतून आलेल्यांना हे कवच नसते. घर फिरले की वासेही फिरतात, याचा अनुभव सर्वप्रथम त्यांनाच येतो.